१४९ कवट्यांची साक्ष

सप्टेंबर १९२७ मध्ये बर्लिनच्या डाहलेम भागात एका नव्या संस्थेचं उद्घाटन झालं. संस्थेचं नाव होतं कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. संचालक होते ऑयगेन फिशर. माणसाची बुद्धी, स्वभाव, संस्कृती हे सगळं रक्तातून येतं आणि ते निरनिराळ्या वंशांच्या वाट्याला कमीजास्त आलेलं असतं, या गृहीतावर संस्थेचं काम उभं होतं. थोड्याच काळात पुण्याची एक तरुणी पीएच.डी.साठी तिथे दाखल झाली आणि तिच्यासमोर मोजमापासाठी १४९ मानवी कवट्या आल्या. काही युरोपातल्या होत्या, बऱ्याचशा जर्मनीच्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. ती तरुणी म्हणजे इरावती कर्वे.

माणसाचं वागणं जन्मानं ठरतं की परिस्थितीनं, हा वाद आपल्याकडे महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धेचा विषय म्हणून खपून जातो. पण विसाव्या शतकात या प्रश्नाच्या उत्तरावर लाखो माणसांची आयुष्यं टांगलेली होती, जर्मनीत आणि आपल्याही देशात. त्या वादात एका मराठी बाईनं स्वतःच्या हातानं मोजून साक्ष दिली. ही साक्ष आपल्याला पाठ असायला हवी होती. त्यांचं ‘युगान्त’ हे पुस्तक वाचलेल्या घरांतही ती फारशी ठाऊक नाही.

फिशर हे कोणी किरकोळ अभ्यासक नव्हते. १९०८ साली ते जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथ इथे गेले होते. १९०४ ते १९०८ या काळात त्याच वसाहतीत जर्मन सैन्यानं हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता. रेहोबोथला युरोपीय पुरुष आणि स्थानिक खोईखोई स्त्रिया यांच्या संततीची वस्ती होती. फिशर यांनी त्या माणसांची मापं घेतली, वंशावळी मांडल्या आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ काढला. वांशिक गुण मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरतात आणि असा संकर युरोपीयांना घातक आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे एर्विन बाउर आणि फ्रिट्झ लेन्झ यांच्यासोबत त्यांनी आनुवंशिकतेवरचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १९२१ साली निघालेलं ते पुस्तक जर्मनीत प्रमाण मानलं गेलं.

अशा माणसाच्या हाताखाली काम करायला इरावतीबाई गेल्या, त्या काही कोरी पाटी घेऊन नव्हे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातल्या म्यिंग्यानचा. इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत होते. सातव्या वर्षी मुलीला पुण्याला हुजूरपागेत धाडलं. तिथे त्या रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाल्या आणि मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर एम. ए.चा प्रबंध लिहिला. फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे दिनकर कर्वे हे त्यांचे पती, आणि धोंडो केशव कर्वे सासरे. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णांना सुनेचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. दिनकररावांनी मात्र साथ दिली, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि बाई बोटीत बसल्या.

फिशर यांनी दिलेला विषय वरवर निरुपद्रवी होता: माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी असते का? त्यामागची अपेक्षा मात्र निरुपद्रवी नव्हती. युरोपीय माणसाची तर्कबुद्धी अधिक विकसित, म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन बाजूंतला फरक अधिक, आणि तो फरक कवटीवरही उमटलेला असणार, असा तर्क होता. आकडे तसे आले की गोऱ्या माणसाचं श्रेष्ठत्व हाडावर कोरलेलं आहे, असं म्हणता आलं असतं.

बाईंनी एकेक कवटी घेतली. मध्यरेषा धरून डावीकडचं माप, उजवीकडचं माप, दोन्हींतला फरक, मग पुढची कवटी. १४९ वेळा. आकडे मांडून झाल्यावर दिसलं ते सरळ होतं. कवट्या असमान असतात, सगळ्याच माणसांच्या असतात. पण त्या असमानतेचा वंशाशी काही संबंध लागत नाही. युरोपीय कवटी वेगळी काढून दाखवता येत नाही. हे त्यांनी प्रबंधात लिहिलं आणि तोच प्रबंध फिशर यांच्यापुढे ठेवला. परदेशातली विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज, घरच्यांचा विरोध पत्करून आलेली, आणि पदवी ज्याच्या हातात त्याच्याच गृहीताला आकड्यांनी छेद दिलेला. पदवी मिळाली, श्रेणी मात्र फिशर यांनी खालची दिली. १९३० च्या सुमारास बाई पुण्याला परतल्या.

त्यानंतर त्या संस्थेचं काय झालं? १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी १४ जुलैला आनुवंशिक रोगाच्या नावाखाली सक्तीनं नसबंदी करण्याचा कायदा झाला. सुमारे ४ लाख माणसांवर तो राबवला गेला. १९४२ मध्ये फिशर यांच्या जागी ओटमार फॉन फेर्शुअर आले. जुळ्या भावंडांवरून आनुवंशिकता शोधणं हा त्यांचा विषय, आणि योझेफ मेंगेले हा त्यांचा जुना साहाय्यक. ऑशविट्झच्या छळछावणीतून मेंगेले डाहलेमच्या संस्थेला रक्ताचे नमुने आणि मारलेल्या माणसांचे डोळे पाठवत असे. ज्या संस्थेत इरावतीबाईंनी ‘कवटीवरून वंशाचं श्रेष्ठत्व ठरत नाही’ असं लिहून दिलं, त्याच संस्थेत पंधरा वर्षांच्या आत हे घडलं. पुरावा समोर होता, पण ज्यांना तो नको होता त्यांनी बाजूला सारला.

भारतात हा वाद आणखी जुना होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकं मोजली. नाकाची रुंदी आणि लांबी यांचं गुणोत्तर काढलं आणि जातीची पायरी जितकी वर तितकं नाक चिंचोळं, असा सिद्धान्त मांडला. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्यामागचा युक्तिवाद असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होणारच. नंतर या कायद्याची व्याप्ती देशभर वाढली. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींची माणसं जन्मतःच संशयित ठरली. पोलिसात हजेरी लावायची, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसांच्या पिढ्या गेल्या.

पुण्या-मुंबईच्या लिहित्या वर्गालाही सुप्रजननाचं आकर्षण होतं. ना. सी. फडके यांनी १९२७ साली इंग्रजीत पुस्तक लिहून भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, असं मांडलं. गो. म. जोशी यांच्या ‘हिंदूंचे समाजरचनाशास्त्र’ या ग्रंथानं जातिव्यवस्थेला जीवशास्त्राचा आधार देऊ पाहिला. जात म्हणजे निवडक रक्त जपण्याची व्यवस्था, असं म्हणणारे लोक सुशिक्षित होते, हे विसरून चालणार नाही.

त्यांना उत्तर दिलं बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवरचा आपला निबंध वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. याच बोआस यांनी त्याआधी काही वर्षं न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८ हजार स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची डोकी मोजली होती. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा वेगळा निघत होता, आणि तोही एकाच पिढीत. वंशाची अढळ खूण मानलेली कवटीसुद्धा परिस्थितीप्रमाणे बदलते, असं त्यातून पुढे आलं. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी सुप्रजननाचा मुद्दा थेट घेतला. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशानं एकच आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया एकच आहेत. मग जात वंश राखते म्हणजे काय राखते? १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी घुर्ये यांनीच गोळा केलेली नाकाची मापं पुढे केली आणि एकाच प्रदेशातल्या ब्राह्मण व अस्पृश्यांच्या मापांत वंशभेद निघत नाही, हे दाखवलं. रिस्लींच्या मोजपट्टीनंच रिस्लींचा सिद्धान्त पडला.

इरावतीबाई १९३९ पासून डेक्कन कॉलेजमध्ये होत्या. त्यांनी मोजणं सोडलं नाही. गावोगाव फिरून त्या जातींची शारीरिक मापं घेत राहिल्या, आणि त्याबद्दल पुढे त्यांच्यावर टीकाही झाली. बर्लिनमध्ये शिकलेलं तंत्र त्यांनी टाकलं नाही, हे खरं आहे. पण त्या तंत्राला त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता. श्रेष्ठ कोण, हे त्या विचारत नव्हत्या. कोणाची लग्नं कोणाशी होत आली, हे शोधत होत्या. १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासोबत एकाच सामाजिक दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना प्रसिद्ध केली. ‘ब्राह्मण’ या एका नावाखाली नांदणाऱ्या महाराष्ट्रातल्या जाती शरीरानं एकमेकींहून वेगळ्या निघाल्या. एका मूळ पुरुषाच्या फांद्या फुटत जाऊन जाती झाल्या, ही कल्पना त्यांनी नाकारली. निरनिराळे गट शेजारी येऊन बसले, आपापल्यात लग्नं करत राहिले आणि एका व्यवस्थेत गोवले गेले, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे झालं शरीराचं. वागण्याचा शोध मात्र त्यांनी शरीरात घेतला नाही, नात्यागोत्यांत घेतला. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांचे प्रदेश पाडलेले आहेत. उत्तरेत आतेमामे भावंडांचं लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत तेच पहिल्या पसंतीचं, आणि मामा-भाचीचं लग्नही रूढ. महाराष्ट्र मध्ये: मराठ्यांत, देशस्थांत मामाची मुलगी चालते, चित्पावनांत नाही. कोणाशी लग्न करावं, कोणापुढे पदर घ्यावा, कोणाची थट्टा करावी, याइतकं खोल रुजलेलं वागणं दुसरं कुठलं? आणि तेच भाषेप्रमाणे, प्रदेशाप्रमाणे बदलतं. रक्तानं दूरचे शेजारी एका चालीनं वागतात; रक्तानं जवळचे लोक प्रदेश बदलला की चाल बदलतात.

हे मला पटतं ते पुस्तकामुळे जितकं, तितकंच आमच्या के. आर. पुरममुळे. बंगळूरच्या पूर्व टोकाचं हे रेल्वे स्टेशन, शेजारी इंजिनांची मोठी शेड, वर झुलता पूल, खाली टिन फॅक्टरीची न संपणारी वाहतूक. इथला जुना मद्रास रस्ता होसकोटेवरून कोलारला जातो. १६३८ मध्ये रणदुल्लाखानानं केंपेगौडाकडून बंगळूर घेतलं आणि बंगळूर, होसकोटे, कोलार हा सगळा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. त्या काळापासून आणि त्यानंतरही मराठी घरं या पट्ट्यात उतरत राहिली. त्यातली कित्येक अजून घरात मराठी बोलतात, पण ती वाक्यं कन्नडच्या चालीवर चालतात. ताटात भाकरीच्या जागी नाचणीचा उंडा, म्हणजे मुद्दे, असतो आणि आमटीच्या जागी हुळी. लग्नं शक्यतो आपल्यातच झाली, म्हणजे रक्त फारसं बदललं नाही. बदललं ते बाकी सगळं.

त्यांच्यानंतर दुसरी लाट आली. १९४८ मध्ये शेजारच्या दूरवाणीनगरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली आणि टेलिफोन बनवायला देशभरातून माणसं आली. आता आयटीवाले येतात. मराठी घरातलं चार वर्षांचं पोर आईशी मराठीत भांडतं, खाली खेळायला गेलं की कन्नडमध्ये, आणि वरच्या मजल्यावरच्या तमिळ आजीकडून खाऊ मागताना तमिळमध्ये. त्याला ही व्याकरणं कोणी शिकवली नाहीत. कुठलीही भाषा उचलण्याची ताकद त्याला जन्मानं मिळाली, त्याअर्थी जीवशास्त्र आहेच. कुठली भाषा उचलायची, हे गल्लीनं ठरवलं. शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा याच शहरात १९५० साली मराठी घरात जन्मला, इथेच कन्नड बोलत वाढला, इथल्या बसमध्ये कंडक्टर झाला आणि रजनीकांत होऊन तमिळ माणसाच्या हृदयात जाऊन बसला. त्याचं तमिळपण कुठल्या रक्तात शोधायचं?

या प्रश्नाची पुढची पायरीही बंगळूरमध्येच चढली गेली, आणि तीही मराठी माणसाच्या हातून. माधव गाडगीळ पुण्यात इरावतीबाईंच्या शेजारी वाढले. १९६५ मध्ये ते हार्वर्डला गेले. तिथे प्राध्यापक असलेल्या एडवर्ड विल्सन यांनी दहा वर्षांनी ‘सोशियोबायॉलॉजी’ लिहिलं आणि शेवटच्या प्रकरणात माणसाचं सामाजिक वागणंही उत्क्रांतीच्या हिशेबात बसवलं. त्यावरून इतकं वादळ उठलं की १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका विज्ञान परिषदेत निदर्शकांनी विल्सन यांच्या डोक्यावर पाणी ओतलं. गाडगीळ तोवर भारतात परतले होते. १९७३ पासून ते बंगळूरकर ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. इरावतीबाईंसोबत काम केलेल्या कैलाश मल्होत्रा यांच्या जोडीनं त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींकडे परिसरशास्त्राच्या नजरेनं पाहिलं.

त्यांना दिसलं ते असं. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगर म्हशी पाळत, लोणी खाली नेऊन विकत. खाली खोऱ्यात कुणबी भात पिकवत. दोघांची वाट वेगळी, म्हणून तंटा कमी. देशावर तीन भटक्या शिकारी जमाती एकाच माळावर वावरत. तिरमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुकराच्या मागे जात. फासेपारधी फास लावून हरणं आणि पाखरं धरत. वैदू मुंगसासारख्या छोट्या शिकारी प्राण्यांवर राहत. प्रत्येक गट आपापल्यात लग्न करणारा, म्हणजे जीवशास्त्रीयदृष्ट्या वेगळा. पण फास विणणं पारध्याच्या रक्तात नव्हतं. ते बापानं मुलाला माळावर नेऊन शिकवलं होतं, आणि माळ व हरणं होती तोवरच ते उपयोगाचं होतं. माळ नांगराखाली गेले, हरणं संपली, शिकारीवर बंदी आली. ज्याच्या हातातलं कसब असं निकामी झालं, त्यालाच कायदा जन्मजात गुन्हेगार म्हणत होता.

दुसऱ्या टोकाचाही हट्ट माणसांना भोवला आहे, हे नोंदवायला हवं. स्टालिनच्या रशियात लिसेंको यांनी आनुवंशिकताशास्त्रच खोटं ठरवलं. परिस्थिती बदलली की पीकही हवं तसं बदलतं, असा त्यांचा दावा. त्याला विरोध करणारे निकोलाय वाविलोव्ह हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ मध्ये साराटोवच्या तुरुंगात मेले. जनुकं आहेत. उंची, रोग, स्वभावाचा कल यांत त्यांचा वाटा आहे, आणि तो नाकारून कोणाचंच भलं होत नाही. एकाच गटातल्या दोन माणसांमधल्या फरकात जनुकांचा हात असू शकतो. म्हणून दोन गटांच्या वागण्यातला फरकही जनुकांचाच, असं ठरत नाही. सगळा घोटाळा या एका उडीत आहे, आणि फिशर, रिस्ली व १८७१ चा कायदा या तिघांनीही ती उडी मारली.

आज जनुकंच वाचता येतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडातले लोकसमूह आपसात भरपूर मिसळले. नंतर ते मिसळणं थांबलं आणि जातीबाहेर लग्न न करण्याची रीत घट्ट झाली. गट खूप काळ आपापल्यात लग्नं करत आले, हा इरावतीबाईंचा मुद्दा त्यातून पक्का होतो. आणि त्यापूर्वी सगळेच सगळ्यांत मिसळले होते, हेही त्यातूनच कळतं. कोणाची लग्नं कोणाशी झाली, एवढं शरीर सांगतं. कोण चोरी करील, कोण कविता लिहील, हे ते सांगत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. तो विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आलं तेव्हा मराठी वाचकाला कळलं की कायदा गेला तरी शिक्का गेला नव्हता. त्या पुस्तकात लहान पोरांना चोरी शिकवली जाते: मार सोसायला, कबूल न करायला. जे रक्तात असतं ते शिकवावं लागत नाही. आणि त्याच घरातला एक मुलगा शाळेत गेला, कामगारांत उभा राहिला आणि साहित्य अकादमीचा मानकरी लेखक झाला. रक्त तेच होतं. बाप हट्टानं शाळेत घालणारा मिळाला, एवढाच फरक.

आजही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालाशी थांबते. आजही स्थळं पाहताना ‘त्यांच्या रक्तातच आहे ते’ हे वाक्य चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत उच्चारलं जातं. हे वाक्य बोलणाऱ्याला सोयीचं आहे, कारण त्यानंतर त्याला काहीच करावं लागत नाही. वागणं परिस्थितीनं घडतं असं मानलं, तर शाळा कुठे आहे, माळ कोणी घेतला, जामीन कोण देईल, हे प्रश्न आपल्या अंगावर येतात. बर्लिनमधल्या मराठी मुलीनं १४९ वेळा मोजून आपली ती सोय काढून घेतली आहे. आता ‘रक्तातच आहे’ असं म्हणायचं असेल, तर पुरावा देण्याची जबाबदारी म्हणणाऱ्याची. तोवर पारध्याच्या पोराला आपण ज्या नजरेनं पाहतो, त्या नजरेचा जाब आपणच द्यायचा आहे.